ऐकण्यापुरतं आणि जपण्यापुरतं

डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या मध्यंतरात चहाच्या रांगेत उभा होतो. माझ्या पुढचे दोघं हमरीतुमरीवर आले होते. वाद रागाचा नव्हता, गायकाचा नव्हता, घराण्याचाही नव्हता. स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५मध्ये लॉसलेस, म्हणजे मूळ ऐवजातलं काहीही न गाळलेला, ध्वनी द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून जिथे चार गाणं ऐकणारे जमतात तिथे जो वाद होतो, तोच तिथेही चालला होता. एकाचं म्हणणं, एमपीथ्री म्हणजे गाण्याचा नुसता सांगाडा, ज्याला कान आहे त्याला तो ऐकवतच नाही. दुसऱ्याचं म्हणणं, डोळ्यांवर पट्टी बांधून ऐकवलं तर तुला काही ओळखता येणार नाही, हे सगळं महागडे हेडफोन विकण्याचं तंत्र आहे. चहा हातात येईपर्यंत दोघं आपापल्या जागी ठाम होते. मला वाईट वाटलं ते एवढ्यासाठी की दोघांचंही निम्मं बरोबर होतं, आणि उरलेल्या निम्म्यामुळे आपल्या संगीताचं खरंखुरं नुकसान होत आहे.

माझं मत आधीच सांगतो. चांगल्या दर्जाचं दाबलेलं, म्हणजे एमपीथ्रीसारखं काही भाग गाळून लहान केलेलं, ध्वनिमुद्रण ऐकण्यासाठी पुरेसं आहे. ते ऐकणाऱ्याला कमी कानाचा ठरवणं अन्यायाचं आहे. पण ध्वनिमुद्रण जपून ठेवायचं असेल तर दाबलेलं अजिबात चालणार नाही. तिथे ‘कुणाला कळतंय?’ हा प्रश्नच गैरलागू आहे. ऐकणं आणि जपणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपण दोन्हींना एकाच फूटपट्टीने मोजत बसलो आहोत.

दाबणं म्हणजे काय, याबद्दलच इतका घोळ आहे की तेवढं आधी मांडलं पाहिजे. सीडीवर प्रत्येक सेकंदाला ध्वनीची ४४,१०० मापं घेतलेली असतात, प्रत्येक माप १६ बिटांचं, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट होतात. तासाभराचा राग साधारण ६३५ मेगाबाइटांत बसतो. हा ऐवज लहान करायच्या दोन रीती आहेत. पहिली रीत पैठणीची घडी घालण्याची. घडी घातली की पैठणी कपाटाच्या एका कोपऱ्यात मावते, आणि उलगडली की काठापदरासकट जशीच्या तशी. फ्लॅक नावाचं, २००१पासून सर्वांना मोफत उपलब्ध असलेलं स्वरूप हेच करतं. आधीच्या मापांवरून पुढचं माप काय असेल याचा अंदाज बांधायचा आणि तो अंदाज जेवढा चुकला तेवढीच चूक नोंदवून ठेवायची. आकार बहुतेक वेळा निम्म्याच्या आसपास येतो, आणि उलगडताना एक बिटही इकडचा तिकडे होत नाही. दुसरी रीत पैठणीतले काही धागेच काढून टाकण्याची, मात्र नेसल्यावर दिसणार नाहीत असे. एमपीथ्री हे करतं. जर्मनीतल्या एरलांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या संशोधनावर ते उभं केलं, ते संगणकाचं कमी आणि माणसाच्या कानाचं जास्त होतं. वरातीचा बँड शेजारून चाललेला असताना बाजूच्याची कुजबुज आपल्याला ऐकू येत नाही. मोठा आवाज आपल्या जवळच्या कंपनसंख्येच्या लहान आवाजाला झाकतो. जे झाकलं जाणार आहे ते साठवायचंच कशाला, हा तो विचार. सेकंदाला १२८ किलोबिटांचा एमपीथ्री मूळ ऐवजाच्या अकराव्या हिश्शात बसतो तो याच हिशेबावर. कानाला इतक्या बारकाईने समजून घेणारं तंत्र फेकून देण्याजोगं आहे, असं मी कधीच म्हणणार नाही.

आता ऐकण्याचा प्रश्न. तो सोडवायची रीत चाळीसेक वर्षांपासून उपलब्ध आहे. ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन तुकडे ऐकवायचे, मग तिसरा ऐकवून हा कोणता ते ओळखायला सांगायचं, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. नुसत्या अंदाजाने सोळापैकी आठच्या आसपास बरोबर येतात. बारा किंवा अधिक आले तर काहीतरी खरंच ऐकू येतंय असं मानायला जागा आहे. मी घरी ही परीक्षा स्वतःची घेतली, चांगल्या हेडफोनवर, रात्री पंखा बंद करून. ३२० किलोबिटांचा एमपीथ्री आणि फ्लॅक यांत माझे सोळापैकी नऊ बरोबर आले. म्हणजे मला फरक कळला नाही. १२८ किलोबिटांवर, नुसत्या तानपुऱ्याचा तुकडा घेतला तेव्हा पंधरा बरोबर आले. म्हणजे स्वच्छ कळला. या दोन आकड्यांमध्ये चहाच्या रांगेतलं सगळं भांडण मिटतं. एक जण १२८चा अनुभव सगळ्या एमपीथ्रीवर लादत होता, दुसरा ३२०चा.

तानपुऱ्यावर फरक का कळतो, हे समजून घेण्यासारखं आहे. माझं आजोळ मिरजेचं. तिथे सतारमेकर गल्लीत कारागीर तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवून जवारी काढतो तेव्हा तारेखाली दोरा एका केसाएवढा सरकवला की स्वर मिटतो किंवा उमलतो. जवारी म्हणजे एका तारेतून उठणाऱ्या असंख्य वरच्या स्वरांचा पसारा. एकेक रेघ स्वतंत्र, स्वच्छ, आणि सतत हलणारी. कानाच्या झाकण्याच्या शक्तीत एक विषमता आहे. खरखरीसारखा पसरट आवाज एखाद्या स्वराला सहज झाकतो, पण शुद्ध स्वर खरखरीला तितकंसं झाकू शकत नाही. एमपीथ्रीने बिट वाचवले की त्याची किंमत खरखरीच्या रूपातच मोजावी लागते, आणि तानपुऱ्याच्या स्वच्छ रेघांमध्ये ती लपायला जागा उरत नाही. म्हणून कमी बिटांवर तानपुरा पाण्याखालून वाजल्यासारखा डुचमळतो. तबल्याची अडचण उलट दिशेची. एमपीथ्री ध्वनीचे सुमारे २६ मिलिसेकंदांचे तुकडे पाडून काम करतो. किनारीवर वाजवलेला ‘ना’ हा बोल तुकड्याच्या मध्येच पडला तर त्याची खरखर तुकडाभर पसरते, म्हणजे आघाताच्या आधीही ऐकू येते. कानाची झाकण्याची शक्ती आघाताच्या आधीच्या बाजूला काही मिलिसेकंदांपुरतीच चालते. स्पॅनिश नाचातल्या कॅस्टानेट, म्हणजे हातातल्या लाकडी टाळ्या, वाजवून युरोपात जी परीक्षा घेतात, तीच आपल्याकडे टाळ, झांज आणि घुंगरू घेतात. तेव्हा ‘एमपीथ्रीत फरक नसतोच’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं मान्य करायला हवं, की फरक असतो, तो कुठे असतो हेही सांगता येतं, आणि तो आपल्या संगीताच्या अगदी गाभ्याला, तानपुऱ्याला आणि तालाला लागतो. मात्र बिट वाढवले, चांगला एन्कोडर, म्हणजे ध्वनी दाबणारी आज्ञावली, वापरला, की तो कानाच्या आवाक्याबाहेर जातो. हेही तितकंच खरं.

यावर लॉसलेसवाल्यांचा सगळ्यात भारी मुद्दा असा की अशा परीक्षा पंधरा-वीस सेकंदांच्या तुकड्यांवर होतात, गाणं मात्र तासभर ऐकायचं असतं. फरक जाणिवेच्या खाली राहून मनाला थकवत असेल तर? प्रश्न गंभीर आहे, मी तो झटकून टाकत नाही. पण या परीक्षेत वेळेची अट कुठे आहे? आठवडाभर एक तुकडा ऐका, पुढचा आठवडा दुसरा, आणि मग सांगा. थकवा खरा असेल तर तो ओळखण्याच्या कामी यायला हवा. सीडीच्याही वर जाणाऱ्या ‘हाय-रेझोल्यूशन’ ध्वनीबद्दल तर अभ्यासही झाले आहेत. २००७मध्ये अमेरिकेत मायर आणि मोरान यांनी साडेपाचशेहून अधिक फेऱ्या घेतल्या, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ४९.८ टक्के आलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. २०१६मध्ये जोशुआ रीस यांनी अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र केले तेव्हा ते ५२.३ टक्के भरलं आणि प्रशिक्षित ऐकणाऱ्यांत आणखी वाढलं. म्हणजे काहीतरी आहे, पण ते इतकं बारीक आहे की त्यावरून दुसऱ्याच्या रसिकतेचं माप काढणं शोभत नाही. आणि जे ब्लूटूथ हेडफोन घालून लॉसलेसचा आग्रह धरतात, त्यांनी हेही पाहावं की बहुतेक ब्लूटूथ हेडफोनांपर्यंत पोचताना तो ध्वनी वाटेत पुन्हा दाबलाच जातो.

कानाचा विश्वास किती फसवा असतो याचे दाखले शंभर वर्षांपासून आहेत. १९१५च्या सुमारास एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत गावोगावी नाट्यगृहांत खेळ मांडले. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. गाणं चालू असताना दिवे घालवायचे, आणि दिवे लागले की कळायचं, गायिका केव्हाच निघून गेली आहे, गात होतं ते यंत्र. लोक थक्क व्हायचे, वर्तमानपत्रं लिहायची की फरक कळतच नाही. ते यंत्र कर्ण्यातून कोरलेलं गाणं वाजवत होतं, ज्यात आजच्या दूरध्वनीएवढाही पल्ला जेमतेम होता! गायिका आपला आवाज यंत्राला जुळवून घेत, हे नंतर बाहेर आलं. आता दुसऱ्या टोकाचा दाखला घ्या. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या लाँगप्ले तबकड्या निव्वळ अ‍ॅनालॉग म्हणून महागात विकल्या जात होत्या, आणि ‘डिजिटलचा थंडपणा यात नाही’ असं त्यांचे चाहते छातीठोकपणे सांगत. २०२२मध्ये उघड झालं की त्यातल्या अनेक तबकड्यांच्या निर्मितीत मधली एक पायरी डिजिटलच होती, आणि ती गेली कित्येक वर्षं होती. एडिसनच्या श्रोत्यांना असलेला फरक ऐकू आला नाही, या चाहत्यांना नसलेला ऐकू आला. दोघांचे कान वाईट होते का? मुळीच नाही. माणूस कानाबरोबर मनानेही ऐकतो, आणि म्हणूनच ‘मला ऐकू येतं’ आणि ‘मला ऐकू येत नाही’ यांतलं कुठलंच विधान एवढ्या मोठ्या निर्णयाचा पाया होऊ शकत नाही.

आपल्याकडे हा घोळ आधी एकदा होऊन गेला आहे, हार्मोनियमच्या निमित्ताने. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची, हार्मोनियम घडवण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, आणि जमलेल्या जाणकारांना पटली नाही. पुढे १९४० साली रेडिओने हार्मोनियमवर सरसकट बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली. कारण दिलं गेलं ते असं की हे वाद्य मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग जाणं, घेऊ शकत नाही, श्रुती दाखवू शकत नाही. कारण खोटं नव्हतं. पण त्याच काळात मैफलींत गोविंदराव टेंब्यांसारखे वादक याच पेटीवर गाणं खुलवून दाखवत होते, आणि गाणाऱ्याला ती साथ हवीहवीशी वाटत होती. श्रुती मोजण्याची पट्टी म्हणून पेटी अपुरी, आणि साथीला उत्तम. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मान्य करायला आपल्याला तीस वर्षं लागली, कारण ‘कशासाठी?’ हे कुणी विचारलंच नाही. ‘चांगली की वाईट’ एवढंच विचारत राहिलो. एमपीथ्रीच्या वादातही तोच शब्द हरवला आहे.

तर मग जपण्याकडे वळतो, कारण माझा जीव तिथे अडकलेला आहे.

माझ्या वडिलांनी १९८०च्या दशकात गावातल्या गणेशोत्सवातल्या आणि घरगुती मैफली कॅसेटवर उतरवल्या होत्या. साठ-सत्तर कॅसेट होत्या. त्यांत गाणारे बहुतेक जण कधी तबकडीवर आले नाहीत, रेडिओवरही क्वचित. २००४ साली मी ते सगळं संगणकावर घेतलं. तेव्हा हार्ड डिस्क लहान होती, त्यामुळे १२८ किलोबिट एमपीथ्री केले, ऐकले, छान वाटले, आणि कॅसेटना बुरशी येऊ लागली होती म्हणून त्या टाकून दिल्या. टाकून दिल्या, हे लिहितानाही हात जड होतो. आज तीच ध्वनिमुद्रणं स्वच्छ करायला बसलो की कळतं, मी काय केलं. कॅसेटची सूं अशी खरखर कमी करायला गेलं की तिच्यामागून दुसरीच एक खरखर वर येते, किलबिल करणारी, धातूसारखी. ती कॅसेटची नव्हे, एमपीथ्रीची. इतकी वर्षं ती झाकलेली होती, कारण ती झाकणारा आवाज जागेवर होता. मी झाकणच काढलं.

हा मुद्दा दोन्ही बाजूंच्या वादात मला जवळजवळ कधीच ऐकू येत नाही, आणि निर्णायक तोच आहे. एमपीथ्रीचा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा आहे, ते म्हणजे ध्वनी जसा आहे तसाच वाजवला जाईल. त्या गृहीतात राहिलात तर तो प्रामाणिक आहे. पण गाण्याचा विद्यार्थी काय करतो? एखादी तान कळत नाही म्हणून ती निम्म्या वेगाने ऐकतो. अभ्यासक तबल्याचे बोल सुटे करायला बघतो. तंत्रज्ञ बसका आवाज उठवायला वरच्या कंपनसंख्यांचा जोर वाढवतो. उद्या गाणं आणि पेटी वेगवेगळी करून देणारी साधनं आजच्यापेक्षा कितीतरी चांगली होतील. या प्रत्येक वेळी झाकणाऱ्याचं आणि झाकलेल्याचं नातं बिघडतं, आणि जे कानाला कळणार नव्हतं ते कळू लागतं. एक गोष्ट मात्र रास्तपणे सांगायला हवी. स्वराची उंची मोजायला, रागातली आंदोलनं आलेखावर काढायला चांगला एमपीथ्री पुष्कळ अंशी चालतो. तिथे आकांत करण्याचं कारण नाही. नुकसान होतं ते पोताचं, आघाताचं, आणि पुढे करता येऊ शकणाऱ्या दुरुस्तीचं.

‘कुणाला कळतंय?’वाल्यांकडे इथे एक खरोखर चांगला आक्षेप आहे. मूळच जर जुनी, खरखरणारी ७८ फेऱ्यांची तबकडी असेल, जिच्यात वरचे स्वर मुळात उमटलेलेच नाहीत, तर तिला लॉसलेसचा थाट कशाला? नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्याला गायिका गौहर जान कर्ण्यात तोंड घालून गायल्या. विजेवर चालणारं मुद्रण आलं १९२५नंतर. त्या तबकड्यांत साठवण्यासारखं आहे तरी किती? ऐकायला हे अगदी तर्कशुद्ध वाटतं, पण आत उलटंच घडतं. तबकडीची खरखर हा ध्वनी दाबायला सर्वांत कठीण, कारण तिचा अंदाज बांधता येत नाही. थोडे बिट दिले की एन्कोडर ते खरखरीवर उधळतो आणि गाण्याच्या वाट्याला उरलेले येतात. शिवाय तबकडीवरच्या ओरखड्यांचे टिकटिक आघात हे कॅस्टानेटसारखेच अणकुचीदार. ते पसरट होतात. ओरखडे काढणारी साधनं आघाताच्या त्या अणकुचीवरूनच त्याला ओळखतात. ती बोथट झाली की ओरखडा गाण्यात कायमचा मिसळतो. जितकं मुद्रण जुनं आणि गरीब, तितकं त्याला दाबून ठेवणं धोक्याचं. श्रीमंत माणसाचे चार रुपये हरवले तर निभावतं.

आणि एकदा दाबून भागत नाही, हेही आहेच. आपल्याकडे जुनी मैफल कशी फिरते ते आठवून पाहा. स्पूलवरून कॅसेट, कॅसेटवरून कॅसेट, तिचा एमपीथ्री, तो कुणीतरी यूट्यूबवर चढवला, तिथे तो पुन्हा दाबला गेला, तिथून कुणी उतरवून घेऊन परत एमपीथ्री केला, आणि तो आपल्यापर्यंत आला. प्रत्येक पायरीला यंत्र नव्याने ठरवतं की काय झाकलं जाणार आहे, आणि आधीच्या पायरीची खरखर ते गाणं समजून जपतं. कधी कुणी तोच एमपीथ्री फ्लॅकमध्ये भरतो आणि फायलीच्या नावापुढे लॉसलेस लिहितो. फाटकी पैठणी घडी घालून ठेवली म्हणून ती सांधली जात नाही. म्हणूनच लॉसलेसच्या अभिमान्यांनाही माझं सांगणं आहे, की नाव पाहून सुखावू नका, वंशावळ विचारा.

वंशावळीत बिटांच्याही आधी येणाऱ्या चुका असतात, आणि त्या जास्त घातक असतात. सगळ्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्याच कोरलेल्या नव्हत्या. ७८ने वाजवायची तबकडी ८२ने वाजवली तर आवाज जवळजवळ एका पट्टीने चढतो. पांढरी चारमध्ये गाणारा माणूस काळी तीनच्या उंबरठ्यावर जातो, त्याच्या आवाजाचं वय बदलतं, लय बदलते. कुणी खरखर घालवण्याच्या उत्साहात वरचे स्वर छाटून टाकतो आणि बाईंचा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. असं हस्तांतर २४ बिट लॉसलेसमध्ये ठेवलं तरी ती चूकच हुबेहूब जपली जाते. तेव्हा बिटांचा वाद घालणाऱ्यांनी सुईची जाडी आणि तबकडीचा वेग यांच्यावर निम्मा तरी वेळ द्यावा. पण इथेही तोच न्याय लागतो. आज कुणी वेग चुकवला आणि ऐवज अक्षत असला, तर उद्या दुसरा कुणी तो दुरुस्त करू शकेल.

ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयएएसएने, हे केव्हाच लिहून ठेवलं आहे. जतनासाठी ध्वनी घटवणारी स्वरूपं वापरू नयेत, आणि अ‍ॅनालॉग मूळ किमान ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटांवर उतरवावं. हे चैनीचे आकडे नाहीत. १९९९ साली ५६ किलोबिटांच्या मोडेमवर १२८ किलोबिटांचा तासभराचा राग उतरवायला सव्वादोन तास लागत. तेव्हा एमपीथ्री नसता तर आपल्यापैकी हजारोंना दूरदेशी गाणं ऐकायलाच मिळालं नसतं. अमेरिकेत, आखातात राहणाऱ्या मराठी माणसांनी त्या काळात एकमेकांना पाठवलेल्या मैफलींचं ऋण मी कसं नाकारू? पण ती अडचण आता गेली. एक टेराबाइटच्या डिस्कवर सीडीच्या दर्जाचं फ्लॅक अडीच हजार तासांहून जास्त मावतं. कुठल्याही गायनसंस्थेचा, वाचनालयाचा, नाट्यमंडळाचा सगळा साठा दोन प्रतींत ठेवला तरी तो एका पिशवीत मावेल. अडचण गेली आणि सवय तेवढी राहिली, याला काय म्हणावं?

म्हणून मागणी स्पष्ट असावी. सरकारच्या किंवा लोकवर्गणीच्या पैशातून जिथे जिथे जुन्या ध्वनिफितींचं डिजिटायझेशन होतं, तिथे निविदेतच लिहिलेलं असावं, की मूळ प्रत लॉसलेस, दोन ठिकाणी, आणि कुठल्या यंत्रावर, कुठल्या वेगाने उतरवली याची नोंद सोबत. फ्लॅकच्या प्रत्येक फायलीत आतल्या ध्वनीची एक अंकमुद्रा असते. वीस वर्षांनी ती पडताळून आतला एक बिटही बदलला आहे का ते कळतं. आणि त्याच संस्थांनी लोकांना ऐकण्यासाठी मात्र खुशाल एमपीथ्री द्यावा, हलका, स्वस्त मोबाइलवर चालणारा, एसटीत बसून ऐकता येणारा. लॉसलेसमधून एमपीथ्री पाच मिनिटांत होतो. एमपीथ्रीमधून लॉसलेस कुठल्याच उपायाने होत नाही. हा एकच उतार आहे, आणि तो एकाच दिशेचा आहे.

जपणुकीचा आग्रह म्हणजे म्युझियमची हौस, असंही मी ऐकलं आहे. त्यांना एकच उदाहरण देतो. जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांचं गाणं ध्वनिमुद्रिकेवर उतरलंच नाही. त्यांच्या शिष्या, गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकर, यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर निघाली आणि आता ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे. गुरूचं गाणं कसं होतं याचा आपल्याला आज जो काही अंदाज आहे, तो शिष्यांच्या अशा मिनिटा-मिनिटांच्या ऐवजावरून बांधलेला आहे. ज्या परंपरेत एक अख्खं घराणं तीन-साडेतीन मिनिटांच्या खिडकीतून पाहावं लागतं, तिने त्या खिडकीची काच घासून पातळ करावी का?

गेल्या उन्हाळ्यात मिरजेला मामेभावाच्या माळ्यावर एक बूटाचा खोका सापडला. वडिलांनी त्याला प्रती करून दिल्या होत्या, हे मला माहीतच नव्हतं. अकरा कॅसेट. टाकून दिलेल्यांपैकी एक मैफल त्यात पूर्ण आहे. एका जुन्या डेकचं हेड पुसलं, त्याचा कोन स्क्रूने बारीक बारीक फिरवत आवाज उघडेपर्यंत जुळवला, आणि ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटांवर उतरवली. ही प्रतीची प्रत आहे, तिची खरखर माझ्या हरवलेल्या कॅसेटपेक्षा जास्त आहे. पण तिच्या सुरुवातीला बुवा तानपुरा लावत आहेत. मी २००४मध्ये ‘गाणं इथून सुरू होतं’ म्हणून ती चार मिनिटं कापली होती. पंचमाची तार उतरते, चढते, कुणीतरी दाराशी चपला काढतं, बुवा हळूच ‘हं’ म्हणतात, आणि दोरा सरकतो.